ठासणीच्या बंदुकीचा लाकडी गज : लाकडाची निवड, घडण आणि जोडणी

वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यात आसेगाव हे गाव आहे. कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी ही या टापूतील पिके होत. आणि पीक हाताशी येऊ लागले म्हणजे रानडुकरे, रोही व हरणांचे कळप हा येथील शेतकऱ्याचा नित्याचा घोर होय. कारंजा-सोहोळचे काळविटांचे अभयारण्य याच जिल्ह्यात आहे, ही गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे. पिकाच्या रात्रीच्या राखणीस वऱ्हाडात ‘जागल’ म्हणतात. जागलीस जाणाऱ्याची साधने साधीच असतात : काठी, गोफण, विजेरी, वाजवावयास एखादा पत्र्याचा डबा. क्वचित एखाद्या घरी त्यांच्या जोडीला वडिलोपार्जित परवान्याची ठासणीची बंदूकही असते.

या बंदुकीला कायद्यात स्वतंत्र स्थान आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या तेराव्या कलमात पीकसंरक्षणाच्या खऱ्याखुऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद असून, ही बंदूक त्या कामास अपुरी पडते अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. दुसऱ्या बाजूने, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे परवानगीवाचून रानातले जनावर मारता येत नाही. तेव्हा जागलीवरील बंदुकीचे काम बहुधा मोठा आवाज करून कळप हुसकावण्याचे. तथापि आवाजासाठी भरलेला बार असो की गोळीचा, तो नळीच्या तोंडातूनच भरावा लागतो आणि बुडापर्यंत ठासावा लागतो. ते ठासण्याचे साधन म्हणजे गज. बंदुकीच्या सर्व भागांत हा सर्वांत स्वस्त, सर्वांत लवकर मोडणारा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग होय. एकदा तो मोडला किंवा हरवला की हाताशी येईल ती काठी, नाहीतर बांधकामाची सळई त्याची जागा घेते. या बदलातील धोका किती आहे आणि चांगला गज कशाने चांगला ठरतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

‘गज’ हा शब्द फारसीतून आला. मराठीत त्याला अर्थांचा मोठा परिवार लाभला आहे. चोवीस तसूंचे लांबीचे माप तो गज, सारंगी वाजवावयाची धनुकली तोही गज, खिडकीची उभी सळई तीही गज. बंदुकीच्या गजात या अर्थांपैकी मापाचा अर्थ अजून जिवंत आहे, कारण नळीत किती भरले आहे हे बाहेरून सांगणारे माप दुसरे कोणतेही नसते. ‘ठासणे’ हे क्रियापद तर बंदूक कधी न पाहिलेल्यांच्याही तोंडी आहे. एखादी गोष्ट ठासून सांगणारा आणि पोते ठासून भरणारा दोघेही तेच वापरतात.

लाकडी गजाची जागा धातूने घेतली ती प्रथम सैन्यात. अठराव्या शतकाच्या आरंभी प्रशियाच्या पायदळात आन्हाल्ट-डेसाऊच्या लेओपोल्डने लोखंडी गज रूढ केला आणि १७४१ च्या मॉलविट्झच्या लढाईत प्रशियाच्या पायदळाच्या जलद माऱ्यामागे या गजाचाही वाटा होता असे मानले जाते. ब्रिटिश बंदुकांचा लाकडी गज जाऊन पोलादी गज सर्वत्र येण्यास अठराव्या शतकाचा मध्य उजाडला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वऱ्हाडातच अडगाव येथे नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्या कंपनीच्या पायदळाच्या चकमकीच्या बंदुकांना पोलादी गज होता. भारतीय तोड्याच्या बंदुकांच्या पुष्कळ नमुन्यांतही लोखंडी गज आढळतो. लढाईच्या घाईत शिपाई गज कसाही रेटतो. तेथे न मोडणारा गज हवा, हे उघडच आहे.

मग लाकूड उरले कोठे? शिकाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या बंदुकीत, व विशेषतः रायफलीत. रायफलीच्या नळीच्या आत मळसूत्रासारख्या फिरत गेलेल्या खाचा असतात. गोळी अचूक जाणे न जाणे हे या खाचांच्या तोंडाकडील कडांवर फार अवलंबून असते, आणि प्रत्येक वेळी त्या कडांवर घासणारा पोलादी गज त्या झिजवितो. लाकूड लोखंडाला झिजवीत नाही. मात्र त्यात रुतलेली वाळू झिजविते, म्हणून लाकडी गजही पुसूनच वापरावा लागतो. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया प्रांतातील लांब रायफलींना हिकरी नावाच्या लाकडाचा गज असे. वऱ्हाडातील ठासणीच्या बंदुका बहुतांशी गुळगुळीत नळीच्या. तेथे अचूकतेचा प्रश्न गौण आहे. तथापि बांधकामाच्या सळईवरील आडव्या कंगोऱ्यांनी नळीचा आतला पृष्ठभाग ओरखडून निघतो, ओरखड्यात काजळी व ओल साचते, आणि तेथूनच गंज नळी खाऊ लागतो. शिवाय दारूच्या सान्निध्यात लोखंडावर लोखंड आपटू देणे मुळातच शहाणपणाचे नव्हे.

गजावर येणारा ताण कोणत्या प्रकारचा असतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. वरवर पाहता गज दाबला जातो. म्हणजे लाकूड चिरडण्याची भीती वाटावी. प्रत्यक्षात बारीक व लांब दांडा चिरडण्याच्या पुष्कळ आधी बाजूला वाकतो. स्थापत्यशास्त्रात सडपातळ खांबाला लागू पडणारा ऑयलरचा नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो. दांडा कितपत भार सोसून सरळ उभा राहील, हे त्याच्या जाडीच्या चौथ्या घातावर आणि मोकळ्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणावर ठरते. सुतारी भाषेत तीन सूत, म्हणजे इंचाचा तीन-अष्टमांश किंवा सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाडीचा गज घ्यावा. कठीण जातीच्या सुकलेल्या लाकडाचा ताठपणा १२,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरावा. दोन्ही टोके नुसती टेकलेली आहेत असे मानावे. गजाचा ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट भाग नळीबाहेर मोकळा असताना वरच्या टोकावरून दाबले, तर अवघ्या सहा किलोग्रॅमच्या आसपास भाराने तो बाजूला वाकू लागेल. तोच गज नळीच्या तोंडापासून २०० मिलिमीटरवर धरून दाबला, तर हा आकडा सुमारे १२० किलोग्रॅमवर जातो. एकाच लाकडात, केवळ हात कोठे धरला यावर, वीस पटींचा फरक पडतो.

जुने जाणते लोक गज वीतभराहून कमी अंतरावर धरून थोडा थोडा रेटतात आणि हात पुन्हा वर सरकवतात, त्याचे मर्म हे आहे. नवशिका मात्र गजाच्या टोकावर तळहात ठेवून एका दमात दाबतो. मोडलेल्या गजांचे खापर लाकडावर फोडले जात असले, तरी निम्मा दोष या तळहाताचा असतो. जाडीचा परिणामही असाच तीव्र आहे. तीन सुतांचा गज घासून अडीच सुतांचा केला, तर डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या या अर्ध्या सुताच्या घटीने त्याची भार सोसण्याची शक्ती निम्म्याहूनही कमी होते. तेव्हा गज नळीच्या व बंदुकीच्या कड्यांच्या मानाने जितका जाड ठेवता येईल तितका ठेवावा.

मोडण्यापेक्षाही गज कसा मोडतो हे अधिक महत्त्वाचे आहे. लाकूड हे एकजिनसी द्रव्य नसून लांबच लांब तंतूंची जुडी आहे. तंतू एकमेकांना चिकटलेले असतात, पण तंतूच्या लांबीच्या दिशेने लाकूड जितके बळकट असते, त्याच्या एका लहान अंशाइतकेही बळ दोन तंतूंमधील चिकटण्यात नसते. गजातील तंतू त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समांतर गेले असतील, तर अतिभार आल्यावर गज वाकतो, कुरकुरतो, तंतू एकेक तुटतात व माणसाला हात काढण्यास अवधी मिळतो. परंतु तंतू तिरपे असतील, तर गज त्या तिरप्या रेषेवर एका क्षणात उलगडतो. दोन तुकडे होतात, त्यांना भाल्यासारखी तिरपी टोके येतात. खालचा तुकडा नळीत घट्ट उभा असतो आणि वरून जोराने खाली येणारा हात त्यावर जाऊन आदळतो. ठासताना तळहातातून किंवा मनगटातून लाकूड आरपार जाण्याचे अपघात घडतात ते असे. हात कमावून खाणाऱ्या माणसाला ही इजा बंदुकीच्या गोळीइतकीच महागात पडते.

तिरपेपणा किती असला म्हणजे धोका, याचे मोजमाप झालेले आहे. अमेरिकेच्या मॅडिसन येथील वनोत्पादन प्रयोगशाळेने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकानुसार, सरळ तंतूंच्या लाकडाची वाकण्यातील शक्ती शंभर धरली तर तंतूंचा उतार वीसास एक असताना ती ९३ उरते, दहास एक असताना ८१, आणि पाचास एक असताना ५५. आघात सोसण्याची शक्ती याहून झपाट्याने घटते : हेच आकडे अनुक्रमे ९०, ६२ व ३६ असे आहेत. नुसते दाबून चिरडण्याच्या शक्तीत मात्र दहास एक उतारानेही जवळजवळ फरक पडत नाही. म्हणूनच तिरप्या तंतूंचा गज एरवी उभा दाबून पाहिला तर ठणठणीत वाटतो आणि नेमक्या धक्क्याच्या क्षणी दगा देतो. तीन सुतांच्या गजात दहास एक उतार म्हणजे तंतू एका बाजूने निघून पावणेचार इंचांत दुसऱ्या बाजूस बाहेर पडणे होय. एवढ्या बारीक दांड्यात वीसास एक हा उतारही फार झाला. साडेसात इंचांत तंतू संपतो. तुळईला किंवा दाराच्या चौकटीला जे लाकूड निर्दोष ठरते, तेच गजाला त्याज्य ठरते ते या कारणाने.

यावरून गजाच्या लाकडाचा पहिला नियम निघतो : ते करवतीने कापू नये, फोडावे. करवत सुताच्या रेषेने जाते, तंतूंची तमा बाळगत नाही. पाचर मात्र तंतूंच्या मधूनच वाट काढते, आणि फोडलेला तुकडा वाकडा निघाला तरी त्यातील तंतू अखंड असतात. वाकडा पण अखंड तंतूंचा गज शेकून सरळ करता येतो. सरळ कापलेला पण तिरप्या तंतूंचा गज कोणत्याही उपायाने सुधारत नाही. लाकडाच्या वखारीतून आणलेली गुळगुळीत गोल पट्टी डोळ्यांना सुबक दिसते. पण ती यंत्रावर कापून गोल केलेली असल्याने, तंतू तपासल्याखेरीज तिचा गज करणे हे अंधारात पाऊल टाकणे होय. तपासण्याची एक सोपी रीत आहे. पट्टीवर पातळ शाईचा थेंब सोडावा. शाई तंतूंच्या दिशेनेच लांब पसरते, आणि तिची रेघ पट्टीच्या कडेशी समांतर आहे की नाही हे लगेच दिसते. ही परीक्षा एका बाजूने करून भागत नाही. पट्टी पाव वळण फिरवून दुसऱ्या बाजूनेही करावी लागते, कारण तंतूंचा उतार एका अंगाने लपून राहू शकतो.

वऱ्हाडच्या पानझडी रानात या कामाला योग्य लाकडे कोणती? प्रथम मान धामणीचा. ग्रेविया टिलिफोलिया या शास्त्रीय नावाच्या या झाडाचे लाकूड लवचिक व चिवट असून कावडीचे दांडे, धनुष्ये, अवजारांचे दांडे यांसाठी ते पूर्वापार वापरात आहे. धक्का शोषून घेण्याच्या गुणात हिकरीला भारतीय लाकडांत जवळचे लाकूड शोधावयाचे झाले, तर धामणीचेच नाव घ्यावे लागते. दुसरा धावडा. डिंकासाठी प्रसिद्ध असलेल्या या झाडाचे लाकूड इतके कणखर की गाडीचे आस त्याचे करीत. गजास ते उत्तम, पण सुकताना ते पिळवटते व भेगाळते. फोडलेल्या तुकड्यांपैकी बरेच वाया जाणार हे गृहीत धरूनच काम करावे लागते. बाभूळ चिवट खरी, पण तीन फूट सरळ तंतूंची बाभूळ मिळणे दुर्मीळ. सागवानाविषयी मात्र एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. साग टिकाऊ आहे, वाळवीला दाद देत नाही, पावसाळ्यात फारसा फुगत नाही, म्हणून सर्व लाकडांत तो श्रेष्ठ असे सरसकट मानले जाते. पण हे गुण दार-खिडकीचे आहेत. आघात सोसण्यात साग कमी पडतो; तो ठिसूळपणे तुटतो. गजासाठी सागवान घेणे ही प्रतिष्ठेने केलेली चूक ठरते.

बांबूचा विचार वेगळा करावयास हवा, कारण गावात सर्वांत सहज मिळणारा तोच. मानवेल, म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस, ही जात कोरड्या डोंगरउतारावर वाढली म्हणजे जवळजवळ भरीव होते. इंग्रजी अमदानीत हिंदी घोडदळाच्या भाल्यांचे दांडे याच ‘नर बांबू’चे असत. तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ, वजन हलके, लवचिकपणा भरपूर. गजाला हवे ते सारे त्यात आहे असे वाटते. परंतु बांबूचे बळ सालीजवळच्या बाहेरील थरात दाटलेले असते आणि आत जावे तसे ते विरळ होत जाते. जाड बांबू तासून तीन सुतांचा केला तर उत्तम भाग तासणीत जातो व उरतो तो गाभा. म्हणून बांबूचा गज करावयाचा तर हव्या त्याच जाडीची काठी शोधावी, फक्त पेरांच्या गाठी कानशीने सपाट कराव्यात आणि सालीला हात लावू नये. दोन पेरांमध्ये उभी चीर गेलेली काठी वापरू नये. बांबूतील पिठूळ द्रव्यावर भुंगा पडतो, यास्तव काठी काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळविण्याची जुनी रीत सोडू नये.

लाकूड आणावयाचे ते स्वतःच्या बांधावरील झाडाचे किंवा रीतसर विकत घेतलेले असावे. राखीव वनात तोड करणे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. तोड हिवाळ्यात करावी. सरळ वाढलेल्या, फांद्यांच्या गाठी नसलेल्या बुंध्याचा हात-सव्वा हात जास्त लांबीचा ओंडका घेऊन तो मधोमध, मग प्रत्येक अर्ध पुन्हा मधोमध असा पाचरीने फोडीत जावे. समान वस्तुमानाची दोन अर्धे परस्परांना रेटतात म्हणून चीर मध्यातून जाते. कडेची बारीक फाक एकदम काढू गेल्यास चीर बाहेर पळते. गाभ्याचा नरम भाग टाकून द्यावा. बोटाएवढ्या जाड फाका टोकांना मेण किंवा रंग लावून सावलीत आडव्या रचाव्यात. टोकांतून पाणी झपाट्याने उडते व भेगा पडतात, त्या टाळण्यासाठी हा लेप. एवढ्या बारीक फाका एका उन्हाळ्यात पुरेशा वाळतात.

घडण वाढयाच्या नेहमीच्या हत्यारांनी होते. वाकसाने फाक साधारण चौकोनी करावी, पण तासताना सरळ पट्टीचा हट्ट न धरता तंतूंच्या मागोमाग जावे. नंतर रंध्याने तिला चौरस करून, प्रत्येक बाजूवर पाच, सात, पाच या प्रमाणात दोन रेघा ओढून कोपरे उतरवावेत म्हणजे अष्टकोन मिळतो. पुन्हा कोपरे उतरवले की सोळा कोन. येथून पुढे रंधा सोडून जंतराकडे वळावे. सोनार तार ओढण्यास उतरत्या भोकांची पोलादी पट्टी वापरतो, तिचाच हा मोठा भाऊ. जाड पोलादी पट्टीत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने कमी होत जाणारी भोके पाडून त्यांची कड धारदार ठेवावी, आणि दांडा एकामागून एका भोकातून ओढावा. जंतर लाकूड खरवडते, फाडत नाही, व जाडी सर्वत्र सारखी ठेवते. सारखेपणाचे महत्त्व पुन्हा चौथ्या घाताच्या नियमातून येते : एका ठिकाणी बारीक झालेला गज तेथेच मोडतो. टोकाकडे जाताना अगदी मंद निमुळतेपणा ठेवणे मात्र इष्ट, त्याचे कारण जोडणीत दिसेल.

वाकडेपणा काढण्यासाठी गज निखाऱ्यांवर फिरवत शेकावा, हाताला सोसवेल त्याहून थोडा अधिक तापला की विरुद्ध बाजूस वाकवून थंड होईपर्यंत तसाच धरावा. काठ्या व बासऱ्या सरळ करणारे हेच करतात. लाकूड काळे पडू देऊ नये. करपलेले तंतू ठिसूळ होतात.

यानंतरची परीक्षा टाळता येण्यासारखी नाही. गजाची दोन्ही टोके हातांत धरून तो मंद कमानीसारखा वाकवावा आणि तसाच वाकलेला ठेवून स्वतःभोवती हळूहळू फिरवावा. सर्व बाजूंनी कमान सारखी आली पाहिजे. ‘चट्’ असा आवाज आला, कोठे कोन पडला किंवा सालपट उठले तर तो गज बाद. वाकवताना तो चेहऱ्यापासून दूर धरावा व हातावर जाड फडके गुंडाळावे. कारखानदारीतील कोणत्याही चाचणीइतकीच ही चाचणी प्रामाणिक आहे, कारण दोषी गज नळीत मोडण्याऐवजी हातात मोडतो.

उत्तीर्ण झालेल्या गजाला जवसाचे तेल पाजावे. जवस हे वऱ्हाडचे जुने पीक, तेव्हा तेल दूरचे नाही. हे तेल हवेत घट्ट होते व पृष्ठभाग बंद करते. तेलात महिनोन् महिने बुडवल्याने लाकूड पोलादासारखे होते अशी समजूत आढळते. तिला आधार नाही. तेलाने तंतूंचा उतार बदलत नाही आणि नसलेला चिवटपणा येत नाही. ते ओल आत शिरण्याचा वेग कमी करते, एवढेच. पण वऱ्हाडच्या हवेत एवढेही थोडे नाही. मे महिन्यातील शुष्कता आणि श्रावणातील दमट हवा यांत लाकडातील पाण्याचे प्रमाण आठ-दहा टक्क्यांनी सहज बदलते. त्या हिशेबाने तीन सुतांचा गज पावसाळ्यात सुमारे पाव मिलिमीटर फुगतो. उन्हाळ्यात कड्यांतून अगदी नेमका बसणारा गज ऐन जागलीच्या दिवसांत अडकून बसतो तो यामुळे. बसविताना ही फट आधीच राखून ठेवावी.

आता जोडणी. पहिले काम नळीची आतली लांबी घेण्याचे, आणि तेही बंदूक रिकामी असल्याची खात्री करून. येथे एक पेच आहे : गजावाचून नळी रिकामी आहे हे कळत नाही. तो असा सोडवितात. नळीचे तोंड माणसांपासून दूर रोखून, एक बारीक लाकडी काडी हलकेच आत सोडावी व तोंडाशी खूण करावी. मग काडी बाहेर काढून नळीला समांतर धरावी. काडीचे टोक बत्तीच्या कानाजवळ पोहोचले तर नळी रिकामी. दोन-तीन बोटे अलीकडेच थांबले, तर आत जुना बार किंवा काही अडकलेले आहे. अशी बंदूक घरी उकरत बसू नये. बंदुकीची दुरुस्ती करण्यासही शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमाप्रमाणे परवाना लागतो. तेव्हा ती परवानाधारक कारागिराकडेच नेली पाहिजे.

गजाची लांबी नळीच्या आतल्या लांबीपेक्षा निदान दोन इंच अधिक असावी. गज अगदी नळीएवढा ठेवला तर रिकाम्या नळीत तो पूर्ण बुडतो आणि बाहेर काढण्यास धरावयाला काही उरत नाही. बार भरलेला असताना दारू, बोळा व गोळी यांनी व्यापलेल्या जागेइतका तो आणखी वर राहतो, आणि शेवटचा रेटा देण्यास पुरेशी मूठ मिळते. फार लांब ठेवणेही सोयीचे नाही. कुंद्याखालील खाचेत ठेवल्यावर पुढे आलेले टोक झाडाझुडपात अडकते.

जाड टोक ठासण्याचे, निमुळते टोक कड्यांतून आत जाण्याचे. यामुळेच मघाचा मंद निमुळतेपणा हवा. जाड टोकावर पितळेची टोपी बसवावी. पितळ नळीच्या पोलादाहून नरम असल्याने नळीच्या तोंडाला इजा करीत नाही. म्हशीच्या शिंगाची टोपीही त्याच कारणाने चालते. गोळी ठासावयाची असेल तर टोपीचे तोंड किंचित वाटीसारखे खोलगट असावे, म्हणजे शिसे चपटे होत नाही. छऱ्यांसाठी सपाट तोंड पुरते. टोपी बसविताना लाकडाला काटकोनी पायरी पाडण्याची सवय पुष्कळांना असते. ती घातक आहे, कारण अशा पायरीच्या कोनातच भेग सुरू होते. लाकूड कानशीने हळूहळू उतरते करून टोपीत पाऊण इंच घट्ट बसवावे. नुसत्या सरसावर विसंबू नये. तेल व ओल यांनी सरस सुटतो आणि टोपी नळीच्या बुडाशी राहून गज तेवढा मोकळा बाहेर येतो. टोपी व लाकूड यांतून सामत्याने आडवे बारीक भोक पाडून त्यात दीड मिलिमीटरची पितळी तार घालावी व दोन्ही टोके ठोकून टोपीच्या पृष्ठभागाशी सपाट करावीत. तार भोक न पाडता ठोकून बसविली तर ती पाचरीचे काम करते आणि गज टोकाशीच उभा फाटतो. नळी पुसण्याचा वा बोळा ओढून काढण्याचा पेच जोडावयाचा झाल्यास तो निमुळत्या टोकाला, याच रीतीने.

शेवटचे काम खुणांचे. आणि गज मूळ अर्थाने गज होतो तो येथे. रिकाम्या नळीत गज बुडापर्यंत सोडून तोंडाच्या पातळीवर एक दुहेरी रेघ काढावी. नेहमीचा बार भरल्यानंतर त्याच पातळीवर एकेरी रेघ काढावी. दुहेरी रेघ तोंडाशी आली तर नळी रिकामी; एकेरी आली तर बार नीट बसला; एकेरी रेघ तोंडाच्या वर तरंगत राहिली तर एकतर बार दारूपासून वर अडला आहे, किंवा भरलेल्या नळीत दुसरा बार गेला आहे. दोन्ही स्थितींत बार उडविल्यास नळी फुटण्याचा संभव असतो. विसराळूपणाने दुहेरी बार भरणे ही नवशिक्याचीच चूक नव्हे. १८६३ मध्ये अमेरिकेतील गेटिसबर्गच्या रणांगणावरून गोळा केलेल्या २७,५७४ बंदुकांपैकी सुमारे २४,००० भरलेल्या निघाल्या, आणि त्यांतील निम्म्यांत दोन-दोन बार होते, असे नोंदले गेले आहे. ते कवायती शिपाई होते. रात्रीच्या अंधारात, झोपेच्या गुंगीत, दोन घरच्या माणसांनी आळीपाळीने हाताळलेल्या जागलीच्या बंदुकीत असे घडणे त्याहून सोपे आहे.

या रेघा चाकूने कोरू नयेत. खाच कितीही उथळ असली तरी गज पुढे तेथेच मोडतो. पक्क्या शाईने रेघ ओढून वर तेलाचा हात द्यावा, आणि ती पुसट होऊ लागली की नळी पुन्हा मोजून नव्याने ओढावी.

गजाचे आयुष्य अमर्याद नसते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तो बाहेर काढून पुसावा, वाकवण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी, टोपीची तार हलत नाही ना ते पाहावे. तंतू उठलेले, घाव पडलेले किंवा किडीचे बारीक भोक दिसणारे गज बाद करावेत. बाद केलेला गज कोपऱ्यात अखंड उभा करून ठेवला की वर्षभराने तो चांगला समजून कोणीतरी पुन्हा उचलतो. टोपी काढून घ्यावी आणि लाकडाचे दोन तुकडे करून ते चुलीत घालावेत.